बार्डचं डॅमेज कमी दिसतं म्हणून जॉब सोडू नकोस, आधी गाण्यांचं घड्याळ लाव

तुझा प्रश्न मला समजला तो असा: फायनल फॅन्टसी १४ या ऑनलाइन गेममध्ये फ्री ट्रायलवर बार्ड (गाणी लावून पार्टीला जोर देणारा तिरंदाज; अशा पेशाला गेममध्ये जॉब म्हणतात) ७० लेव्हलपर्यंत आणलास, आता पूर्ण गेम घेतलास, आणि डंजनमध्ये कोणीतरी बोलून गेलं की बार्ड नुसता नाचतो, डॅमेज काही देत नाही. आणि तुला स्वतःलाही कळत नाहीये की तीन गाण्यांपैकी कुठलं कधी लावायचं, बटणं एकाच वेळी चमकतात आणि शेवटी जे हाताला लागेल ते दाबलं जातं. जॉब बदलू का असं विचारलंयस. बदलू नकोस. मी बरीच वर्षं हाच जॉब मेन म्हणून खेळतेय, आणि ७० च्या आसपास जवळजवळ प्रत्येक बार्डला हेच वाटतं, कारण तोपर्यंत गेम तुला बटणं देत जातो पण ती एकमेकांशी कशी बांधलेली आहेत हे कुठे सांगत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. बार्डचं काम घड्याळाचं आहे. तिन्ही गाण्यांचा रीकास्ट (परत वापरता येईपर्यंतचा वेळ) १२० सेकंद, बॅटल व्हॉइसचा १२०, रेजिंग स्ट्राइक्सचा १२०, आणि पार्टीतल्या बाकी जॉबचे मोठे बफसुद्धा (थोडा वेळ ताकद वाढवणारे इफेक्ट) १२० सेकंदांवरच बसवलेत. म्हणजे दर दोन मिनिटांनी अख्खी पार्टी एकदम जोर लावते (याला बर्स्ट म्हणतात) आणि तिथे तू वेळेवर हजर असलास तर तुझं काम झालं, दहा सेकंद उशिरा आलास तर तुझा बफ रिकाम्या हवेत गेला. तू जो आकडा बघतोयस तो फक्त तुझ्या बाणांचा आहे. बॅटल व्हॉइसने सगळ्यांचा डायरेक्ट हिट रेट (जास्त जोराचा फटका बसायची शक्यता) २० टक्के वाढतो, तीन गाण्यांपैकी मिन्युएट चालू असताना सगळ्यांचा क्रिटिकल रेट २ टक्के, पीऑनला डायरेक्ट हिट ३ टक्के, बॅलडला डॅमेज १ टक्का, आणि हे सगळं दुसऱ्यांच्या आकड्यात जाऊन बसतं. त्यामुळे कोणी नुसता तुझा आकडा बघून बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस, पण गाणं बंद पडलं म्हणून बोललं असेल तर मात्र ऐक.

आता गाण्यांचा हिशोब. प्रत्येक गाणं ४५ सेकंद चालतं, तीन गाणी म्हणजे १३५ सेकंद, आणि चक्र १२० चं. म्हणजे १५ सेकंद जास्त आहेत, कुठलंतरी गाणं कापावंच लागतं. क्रम असा: आधी वॉन्डरर्स मिन्युएट, मग मेजेस बॅलड, मग आर्मीज पीऑन, आणि जास्तीत जास्त कात्री पीऑनला लावायची कारण तिघांत तेच सगळ्यात हलकं आहे. मिन्युएट पहिलं का, तर पिच परफेक्ट त्यातच मिळतो आणि तो जोरदार फटका आहे, तो सगळ्यांच्या बफमध्ये पडायला हवा.

एक बारीक गोष्ट आहे जी कळल्यावर माझा खेळ खरंच बदलला. गाणं चालू असताना दर ३ सेकंदांनी गेम फासा टाकतो, ८० टक्के शक्यता की तुला रेपर्टॉयर मिळेल, म्हणजे त्या गाण्याचा बोनस; मिन्युएटमध्ये तो पिच परफेक्टचा एक स्टॅक होतो. हा फासा गाण्याच्या टायमरवर ४२, ३९, ३६ असा पडत पडत शेवटचा ३ वर पडतो. शून्यावर काही मिळत नाही. म्हणजे टायमर ३ च्या खाली गेला की त्या गाण्यात आता काहीच उरलेलं नाही, शेवटचे दोन-अडीच सेकंद नुसते चालू आहेत. मग वाट कशाला बघायची? मिन्युएट दोन-सव्वादोन सेकंदांवर आला की हातात उरलेला पिच परफेक्ट सोडायचा, एक स्टॅक असला तरी सोडायचा, आणि लगेच बॅलड. बॅलडलाही तसंच, दोनच्या आसपास आलं की पीऑन. पीऑनला मात्र दहा-अकरा सेकंद उरलेले असतानाच मिन्युएट परत तयार होतो, तेव्हा पीऑन संपायची वाट बघायची नाही, सरळ कापायचा. खूप जणांचा हात इथे अडखळतो, चालू गाणं मध्येच बंद केलं असं वाटतं, पण त्या दहा सेकंदांच्या मोहात पुढचा अख्खा बर्स्ट दहा सेकंद मागे सरकतो आणि तो मागे सरकला की फाइट संपेपर्यंत मागेच राहतो.

पिच परफेक्ट तीन स्टॅकवर मारायचा हे तुला माहीत असेलच, एक स्टॅकला १००, दोनला २२० आणि तीनला ३६० पोटन्सी (फटक्याचा जोर) आहे. पण एक सापळा आहे. एम्पिरियल ॲरो ६८ लेव्हलनंतर हमखास एक रेपर्टॉयर देतो. आता समज तुझ्याकडे दोन स्टॅक आहेत, एम्पिरियल तयार झालाय आणि त्याच सेकंदाला गाण्याचा फासाही पडणार आहे. दोन्ही मिळाले तर चार होतात, चौथा वाया. अशा वेळी दोनवरच सोडून दे आणि मग एम्पिरियल मार. रोज खेळशील तसं हे डोळ्याला आपोआप दिसायला लागतं, सुरुवातीला नाही दिसलं तरी चालेल, पण एम्पिरियल मात्र कधी पडून राहू देऊ नकोस, १५ सेकंदांचा रीकास्ट आहे आणि तयार झाल्याबरोबर जायला पाहिजे.

बॅलडचं उलट आहे, तिथे ब्लडलेटर या स्किलचे चार्ज (साठलेले वापर) भरून वाहू द्यायचे नाहीत. प्रत्येक रेपर्टॉयरला ब्लडलेटरचा रीकास्ट साडेसात सेकंदांनी कमी होतो, मूळ १५ चा असतो, म्हणजे दोन वेळा नशीब लागलं की एक फुकट चार्ज. ८४ लेव्हलला तिसरा चार्ज मिळतो, तोपर्यंत दोनच, म्हणून तुझ्या आत्ताच्या लेव्हलला तर फारच लवकर भरतात. बॅलड लावायच्या आधी चार्ज रिकामे करून ठेव. ते मिन्युएटमध्ये बफ चालू असतानाच वापरलेस तर दोन्ही कामं झाली. ९२ ला ब्लडलेटरचा हार्टब्रेक शॉट होतो, वागणूक तीच.

पीऑनमध्ये प्रत्येक रेपर्टॉयरला तुझा वेग ४ टक्क्यांनी वाढतो, चार स्टॅकपर्यंत म्हणजे १६ टक्के, अडीच सेकंदांचा ग्लोबल कूलडाऊन (दोन बाणांमधलं सक्तीचं अंतर) २.१ वर येतो. आणि इथे पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) त्रास सुरू होतो. नेहमी दोन बाणांच्या मध्ये दोन इन्स्टंट स्किल बसतात, पीऑनमध्ये पिंग जास्त असेल तर दुसरं स्किल पुढच्या बाणाला ढकलतं आणि सगळं अडखळत चाललंय असं वाटतं. उपाय साधा आहे, पीऑनमध्ये एका बाणामागे एकच स्किल. ७८ लेव्हलनंतर पीऑनचा बराचसा वेग मिन्युएट लावल्यावरही दहाएक सेकंद अंगात राहतो, म्हणून बर्स्टच्या सुरुवातीलाही मी बटणं कोंबत नाही, एक-एक करून दोन-तीन बाणांवर पसरवते. बाणाचं बटण पण अगदी वेळेवर दाबायची गरज नाही, अर्धा सेकंद आधी दाबलं तरी गेम ते रांगेत ठेवतो आणि वेळ झाली की सोडतो. आणि याच कारणासाठी स्किल मॅक्रोमध्ये टाकू नकोस!! मॅक्रोतलं स्किल त्या रांगेत बसत नाही, प्रत्येक वेळी थोडा वेळ गळतो. तीन गाण्यांचा एक मॅक्रो करून ठेवलेले बरेच जण भेटतात मला, त्यांचं गाणं नेहमी उशिरा लागतं.

आता डॉट, म्हणजे शत्रूला हळूहळू सतत लागत राहणारं डॅमेज. स्टॉर्मबाइट आणि कॉस्टिक बाइट दोन्ही ४५ सेकंद राहतात, आणि आयर्न जॉज एकाच बाणात दोन्ही ताजे करतो. ५६ लेव्हलला मिळतो, तुझ्याकडे आहेच. यात महत्त्वाचं असं की डॉट लावताना तुझ्यावर जे बफ असतात ते त्या डॉटमध्ये गोठून राहतात, बफ संपला तरी डॉट पूर्ण ४५ सेकंद त्याच जोरावर चालतो. म्हणून रेजिंग स्ट्राइक्स, बॅटल व्हॉइस सगळं चालू असताना, ते संपायच्या जरा आधी, शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एक आयर्न जॉज मारायचा, डॉटला वेळ शिल्लक असला तरी मारायचा. वीस सेकंदांचा बफ तू ४५ सेकंद वापरलास. मात्र डॉट पूर्ण संपू दिलेस तर आयर्न जॉजला ताजं करायला काहीच नसतं, मग दोन वेगळे बाण घालवावे लागतात. बॉस मध्येच गायब होतो अशा फाइटमध्ये हे हमखास होतं.

बर्स्ट माझ्या हातात कसा बसतो ते सांगते, तू थोडाफार बदल. फाइट सुरू, पहिला बाण स्टॉर्मबाइट आणि त्यामागे लगेच मिन्युएट. दुसरा कॉस्टिक बाइट, त्यामागे बॅटल व्हॉइस. तिसरा साधा बाण, त्यामागे रेजिंग स्ट्राइक्स, आणि ९० नंतर रेडियंट फिनाले पण इथेच. सात-आठ सेकंदांत तुझे सगळे बफ उभे, बाकीच्यांचेही त्याच सुमारास उभे राहतात. मग बॅराज लावून रिफल्जंट ॲरो, साइडवाइंडर, पिच परफेक्ट, ब्लडलेटर, आणि शेवटी तो आयर्न जॉज. रेडियंट फिनालेबद्दल एक गैरसमज आत्ताच दूर करून ठेवते कारण तू लवकरच तिथे पोचशील. प्रत्येक वेगळ्या गाण्याचा एक कोडा जमा होतो, तीन कोडा असतील तर पार्टीचं डॅमेज ६ टक्क्यांनी वाढतं, एकच असेल तर २ टक्के. फाइटच्या सुरुवातीला तू एकच गाणं गायलेलं असतं म्हणून एकच कोडा असतो, आणि बरेच जण तीन होईपर्यंत थांबतात. थांबायचं नाही. दोन टक्के तर दोन टक्के, वेळेवर मार, दुसऱ्या मिनिटाला तो परत तयार असेल आणि तेव्हा तिन्ही कोडा हातात असतील.

८० ला एपेक्स ॲरो येईल, तो गेजवर (भरत जाणाऱ्या पट्टीवर) चालतो, गेज ८० किंवा त्यावर असताना मारला की ८६ पासून त्यामागे ब्लास्ट ॲरो मिळतो. गेज १०० ला अडकू देऊ नकोस, पण बर्स्ट पंधरा-वीस सेकंदांवर आलाय तर तेवढा धीर धर.

लेव्हल सिंकचा (खालच्या डंजनमध्ये गेम तुझी लेव्हल उतरवतो त्याचा) एक मुद्दा, यात नवीन लोक उगाच स्वतःला दोष देतात. बॅलड ३० ला, पीऑन ४० ला आणि मिन्युएट ५२ ला मिळतं. रूलेटने (गेम स्वतः डंजन निवडून देतो ती सोय) तुला ५० च्या डंजनमध्ये टाकलं तर तुझ्याकडे दोनच गाणी आहेत, ९० सेकंद गाणं आणि ३० सेकंद शांतता, आणि त्यात तुझी काहीच चूक नाही. तिथे पीऑन कापू नकोस, दोन्ही पूर्ण वाजव. आणि नवीन आर्चर कोणी भेटला आणि ३५-४० लेव्हलला एकही गाणं नाही म्हणाला तर त्याला ग्रिडानियाला पाठव, ३० ला जॉब क्वेस्ट करून सोल क्रिस्टल घातल्याशिवाय तो आर्चरच राहतो.

आता ज्या भागासाठी मी हा जॉब कधी सोडला नाही त्याबद्दल. ट्रूबाडोरने पार्टीवर पडणारं डॅमेज कमी होतं, नेचर्स मिनेने पार्टीला मिळणारं हीलिंग १५ टक्क्यांनी वाढतं, आणि वॉर्डन्स पीअन एखाद्याच्या अंगावरचा वाईट इफेक्ट काढून टाकतो. (आर्मीज पीऑन आणि वॉर्डन्स पीअन ही दोन वेगळी बटणं आहेत, नावं कानाला सारखीच लागतात, हॉटबारवर लांब लांब ठेव.) वॉर्डन्स पीअन बहुतेक बार्ड कधी दाबतच नाहीत. पण हीलर सोडला तर हे काम करू शकणारा पार्टीत तू एकटा आहेस. आठ जणांच्या एका फाइटमध्ये आमचा एक हीलर पडला होता, दुसरी त्याला उठवायला कास्ट करत होती, आणि तेवढ्यात टँकच्या अंगावर असा इफेक्ट आला ज्याच्या आयकॉनवर पांढरी रेघ असते. ती रेघ दिसली म्हणजे तो काढता येतो. तिने कास्ट सोडला असता तर हीलर उठला नसता, नसता सोडला तर टँक गेला असता. मी पार्टी लिस्टमध्ये टँकवर क्लिक केलं, पीअन टाकला, रेघ गेली, तिचा कास्ट पूर्ण झाला. एका बटणाचं काम, आणि ती फाइट आम्ही जिंकलो. फाइटनंतर तिने मला कमेंडेशन दिलं, बाकी कोणाच्या लक्षातही आलं नसेल. पार्टी लिस्ट डोळ्यासमोर ठेवायची सवय लाव, स्क्रीनच्या कोपऱ्यात पडलेली असेल तर आज नाही उद्या तुला ती हलवावीच लागेल. आणि कोणावर आधीच काही नसेल तेव्हाही पीअन वाया जात नाही, पुढच्या ३० सेकंदांत येणारा एक इफेक्ट तो अडवून ठेवतो, म्हणजे फाइट पाठ असेल तर आधीच टाकून ठेवता येतो.

ट्रूबाडोर दुसऱ्या रेंज्ड जॉबच्या तसल्याच स्किलवर चढत नाही. मशिनिस्टचा टॅक्टिशियन किंवा डान्सरचा शील्ड सांबा चालू असताना तू ट्रूबाडोर टाकलास तर दोघांपैकी एक फुकट गेला. पार्टीत ते असतील तर सुरुवातीलाच एक ओळ टाइप कर, पहिला मोठा फटका तुझा, दुसरा माझा. भांडण होत नाही आणि हीलर दोघांनाही दुवा देतात.

उभं कुठे राहायचं हे पण. तुझा बाण २५ याल्म (गेममधलं अंतराचं माप) जातो म्हणून अगदी टोकाला उभं राहायचा मोह होतो. नको. हीलरचे बरेचसे ग्रुप हील १५ ते २० याल्मचे असतात, तू बाहेर राहिलास की प्रत्येक वेळी तुझ्यासाठी वेगळा हील, आणि तुझे बफही लांबच्या माणसाला पोचत नाहीत. मेलीवाल्यांच्या (जवळून लढणाऱ्यांच्या) थोडं मागे उभा राहा. कास्ट टाइम नसल्यामुळे तुला पळता पळता सगळं करता येतं, त्यामुळे कोणालातरी लांब पळत जाऊन काही करायचं असेल तर ते तू घे, मेजला जागेवर उभं राहू दे. रिपेलिंग शॉट तुला मागे उडवतो, मागे कडा नाही ना ते बघून मगच दाबायचा. हेड ग्रेझने शत्रूचा कास्ट तोडता येतो, कास्ट बार लुकलुकत असेल तेव्हाच. आणि डंजनमध्ये दोन घोळक्यांमधल्या रस्त्यावर पेलोटन लाव, सगळे जोरात पळतात.

जुन्या गाइडबद्दल सावध राहा, बार्डइतका बदललेला जॉब या गेममध्ये कमी असतील. २०१३ मध्ये गाणं लावलं की एमपी गळायचा आणि स्वतःचं डॅमेज कमी व्हायचं. २०१५ च्या हेवन्सवर्डमध्ये मिन्युएट लावलं की बाणांना कास्ट टाइम यायचा, तेव्हा खूप जण वैतागले होते आणि २०१७ ला ते काढलं. नंतर बरीच वर्षं डॉटवरून रेपर्टॉयर मिळायचा, त्यामुळे जितक्या शत्रूंना डॉट तितकं चांगलं असा सल्ला तुला आजही सापडेल. २०२१ च्या एंडवॉकरपासून रेपर्टॉयरचा आणि डॉटचा संबंध तुटलाय. म्हणून त्याआधीचं काही वाचत असशील तर बंद कर. मी वर दिलेले आकडे २०२४ च्या डॉनट्रेलनंतरचे आहेत, पॅचमध्ये पोटन्सी इकडेतिकडे होते तेव्हा टूलटिप बघत जा, पण १२० सेकंदांचा सांगाडा तोच आहे.

पहिल्यापासून बार्ड असाच होता म्हणा. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये एक गाणं लावायला तीन सेकंद लागायचे आणि गाणं थांबवल्यावरही त्याचा परिणाम थोडा वेळ रेंगाळायचा, त्या रेंगाळण्याच्या आत दुसरं, तिसरं, चौथं गाणं लावून परत पहिल्यावर यायचं, याला ट्विस्टिंग म्हणायचे. नंतर त्यासाठी मेलडी नावाची कमांड आली पण ज्यांनी हाताने केलं त्यांच्या बोटांत तो ताल कायमचा बसला. तुला आत्ता तोच ताल बसवायचाय, फक्त तीन सेकंदांऐवजी चाळीस-बेचाळीस सेकंदांचा.

सराव कसा करायचा तर एचयूडी लेआउटमध्ये (स्क्रीनवरच्या पट्ट्या हलवायच्या सेटिंगमध्ये) जाऊन बार्डचा गेज मोठा कर आणि पात्राच्या अगदी खाली आणून ठेव, नजर तिथे राहील. मग एखाद्या स्ट्रायकिंग डमीसमोर (सरावाच्या पुतळ्यासमोर) उभा राहा आणि पहिले दोन-तीन दिवस फक्त साधा बाण आणि तीन गाणी, बाकी एकही बटण नाही. मिन्युएट, दोनवर बॅलड, दोनवर पीऑन, मिन्युएट तयार झाला की कापून परत मिन्युएट. सहा मिनिटं म्हणजे तीन चक्रं, एकदाही गाणं न थांबता झालं की त्यात एम्पिरियल घाल. ते जमलं की आयर्न जॉज. मग ब्लडलेटर. बर्स्ट सगळ्यात शेवटी. तिसऱ्या चक्रालाही मिन्युएट बरोबर चौथ्या मिनिटाला लागलं की नाही हे स्टॉपवॉचवर बघ, तीन-चार सेकंदांच्या वर सरकलं असेल तर बहुतेक पीऑन कापताना हात थांबला असणार, तिथेच परत कर.